तहानलेले रोप

सोलापूरकडील काळ्या जमिनीत शाळू पेरतात तो भाद्रपद-आश्विनात, पाऊस सरत आल्यावर. पुढे त्या रोपाचा सारा संसार जमिनीत मुरलेल्या ओलीवर चालावयाचा. ही ओल वरच्या थरातून आटू लागली, म्हणजे रोप खुरटते. पाने आखूड राहतात व भर दुपारी सुरळीसारखी वळतात. रोप आता जाणार, असे पाहणाऱ्यास वाटते. परंतु मुलांनो, असे एखादे रोप हळूच खणून पाहा. वर वाढ थांबली असली, तरी मूळ ओलीच्या शोधात खाली चाललेले असते! पानांवरील सूक्ष्म छिद्रे मिटून रोप पाणी राखते. मात्र ही काटकसर स्वस्त नव्हे. त्याच छिद्रांतून कार्बन डाय-ऑक्साइड वायू आत यावयाचा असतो. तो अडला, की अन्न तयार होणेही मंदावते. मग असलेल्या तुटपुंज्या अन्नातील मोठा वाटा मुळांकडे जातो.

अशी खुरटलेली कोवळी ज्वारी दिसावयास हिरवीगार नसली, तरी भुकेल्या गुरांना ती मोह घालते. तिच्यात साठलेल्या द्रव्यापासून जनावराच्या पोटात हायड्रोसायनिक आम्ल हे जहाल विष सुटते. म्हणून जाणता गुराखी आपली गुरे त्या बांधापासून दूरच वळवितो.