दाताची कॅप : खर्च किती, टिकते किती?

रूट कॅनाल झालं की डॉक्टर दाढेवर कॅप बसवायला सांगतात आणि दोन-तीन दर समोर ठेवतात. आपण गॅरंटीची वर्षं बघून ठरवतो. त्याआधी एवढं वाचा.

दर : जळगाव-धुळ्यात एका दाढेला साधारण अंदाज असा धरा. धातूची कॅप 1,500 ते 3,000 रुपये, धातूवर सिरॅमिकचा थर असलेली 3,000 ते 6,000, झिर्कोनियाची (म्हणजे कठीण, पांढऱ्या सिरॅमिकची) 6,000 ते 15,000. रूट कॅनालचे पैसे वेगळे. धुळ्याच्या एसीपीएम दंत महाविद्यालयातही चौकशी करा. महाविद्यालयात खर्च सहसा कमी येतो, फेऱ्या मात्र वाढतात.

टिकाऊपणा : सिरॅमिकच्या शंभर कॅपांपैकी नव्वदहून अधिक 5 वर्षांनंतरही शाबूत असतात, असं जगभरच्या अभ्यासांत दिसतं. 10-15 वर्षं चालणाऱ्याही पुष्कळ. धातूवरच्या थराचा कधी टवका उडतो. एकसंध झिर्कोनियात ती भीती फार कमी. कीड कॅपला लागत नाही, खालच्या दाताला लागते. हिरडीलगत कॅपची कड संपते तिथे अन्न साचतं आणि कीड आत शिरते.

गॅरंटी कार्ड : ते बहुधा कॅप तुटण्यापुरतंच असतं. आतला दात किडला तर खर्च आपलाच. अटी आधी वाचून घ्या.

बसवताना : सिमेंट लावण्याआधी कॅप नुसती बसवून बघतात. डॉक्टर रंगीत कागद चावायला देतात आणि जिथे गडद डाग उठतो तिथे घासतात. दाढ जराही उंच लागत असेल तर तिथेच सांगा, भीड धरू नका. घरी गेल्यावर जाणवलं तरी दुसऱ्या दिवशी परत जा.

नंतर : त्या दाढेने सुपारी, बर्फ, हाडं फोडू नका. कॅपच्या कडेला ब्रश आणि दातांचा दोरा (फ्लॉस) रोज फिरवा. झोपेत दात खात असाल तर नाइट गार्ड (झोपताना दातांवर घालायचं कवच) घ्या.

बिल : कॅपचा प्रकार आणि दाताचा क्रमांक लिहिलेलं पक्कं बिल मागा. फसवणूक झाली तर 2 वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रार शुल्क नाही.

झिर्कोनिया परवडत नसेल तर कर्ज काढू नका. मागच्या दाढेला धातूची कॅपही वर्षानुवर्षं साथ देते. वाचलेले पैसे दर सहा महिन्यांच्या तपासणीसाठी राखून ठेवा.