वाळवंटातील तलावाकाठी

(संयुक्त अरब अमिराती या देशातील शारजा शहरात राहणाऱ्या एका मुलीने भिगवणच्या आपल्या आजीला लिहिलेले हे पत्र आहे.)

शारजा,
दि. १९ जानेवारी २०२५

तीर्थरूप आजीस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलेस, ‘‘त्या वाळवंटात पोरं खेळतात तरी कुठं गं? घरात कोंडून पडत असतील.’’ तेव्हाच मी ठरवले, की या प्रश्नाचे उत्तर पत्रानेच द्यायचे. फोनवरचे बोलणे विसरून जाते. पण कागदावरचे पुन्हा पुन्हा वाचता येते, असे तूच म्हणतेस ना?

आजी, तुझे म्हणणे अर्धे खरे आहे. उन्हाळ्यात आम्ही खरोखरच घरात कोंडून पडतो. जुलै-ऑगस्टमध्ये येथे पारा ४५ अंशांच्याही वर जातो. घसरगुंडीला हात लावला तर चटका बसतो. १५ जून ते १५ सप्टेंबर या तीन महिन्यांत दुपारी साडेबारा ते तीन या वेळात उघड्यावर काम करणाऱ्या कामगारांनाही विश्रांती द्यावी लागते. तसा येथे नियमच आहे. मग आम्हां मुलांना कोण बाहेर सोडणार?

पण आता हिवाळा आहे. हवा छान गार आहे. शिवाय शारजातील शाळांना २०२२ सालापासून आठवड्यात तीन दिवस सुट्टी असते. शुक्रवार, शनिवार आणि रविवार! त्यामुळे आम्ही सारखे बाहेरच असतो.

काल दुपारी चार वाजता आई, बाबा, छोटू आणि मी तलावाकाठी गेलो. या तलावाचे नाव खालिद तलाव. येथले लोक या भागाला ‘बुहैरा’ म्हणतात. अरबी भाषेत बुहैरा म्हणजे तलाव. आपल्या उजनीच्या तलावासारखेच याचेही पाणी लांबवर चमकते. काठाने चालायला रुंद रस्ता आहे. खजुराच्या झाडांच्या रांगा आहेत. एका काठावर पांढऱ्याशुभ्र घुमटांची नूर मशीद आहे. तिचे प्रतिबिंब पाण्यात हलत असते.

तलावात एक लहानसे बेट आहे. त्याचे नाव नूर बेट. पुलावरून चालत तेथे जाता येते. बेटावर फुलपाखरांचे एक घर आहे. ते २०१५ साली सुरू झाले. मागे आम्ही तेथे गेलो होतो, तेव्हा एक फुलपाखरू छोटूच्या डोक्यावर येऊन बसले. ते उडून जाईपर्यंत छोटू पुतळ्यासारखा उभा होता!

आजी, उजनीचे पाणी गोड आहे. पण या तलावाचे पाणी खारट आहे. मी बाबांना कारण विचारले. ते म्हणाले, ‘‘अगं, हा तलाव म्हणजे खरे तर समुद्राची खाडीच आहे. याचे तोंड समुद्राला जोडलेले आहे. भरती आली, की समुद्राचे पाणी आत येते. ओहोटी लागली, की ते बाहेर जाते.’’ जवळच आणखी एक खाडी आहे. तिचे नाव अल खान. अल कसबा नावाच्या सुमारे एक किलोमीटर लांबीच्या कालव्याने या दोन्ही खाड्या जोडल्या आहेत.

तलावालगतच अल मजाझची बाग आहे. तेथे हिरवळीवर आम्ही लगोरी मांडली. सात चपटे दगड मी गावाहून आणले होते, ते आठवतात ना? आमचा खेळ पाहून इतर मुले जमली. एक मुलगा केरळचा होता. त्याला हा खेळ आधीपासून येत होता; फक्त त्याच्या भाषेत नाव वेगळे होते. दोन बहिणी इजिप्तच्या होत्या. एक मुलगा फिलिपाईन्सचा होता. कुणाचीच भाषा कुणाला नीट येत नव्हती; पण चेंडू पाठीत बसला, की ‘आई गं!’ हे सगळ्यांनाच समजत होते.

खेळून दमल्यावर मी एका झाडाखाली बसले. झाडाची पाने बारीक होती. फांद्यांना काटे होते. त्या झाडाला येथे ‘गाफ’ म्हणतात. २००८ साली ते या देशाचे राष्ट्रीय झाड ठरले. बाबा म्हणाले, ‘‘ओळखलेस का? हीच आपली शमी.’’ मला किती नवल वाटले! दसऱ्याला तू शमीची पूजा करतेस. पांडवांनी शमीच्या झाडावर शस्त्रे लपवली होती, ही गोष्ट तूच मला सांगितली होतीस. ते झाड मला येथे भेटले. शमीची मुळे जमिनीत फार खोल जातात आणि तेथील ओलावा शोषून घेतात. म्हणून ती वाळवंटातही हिरवी राहते.

पण बागेतली हिरवळ आणि फुलझाडे काही शमीसारखी नसतात. त्यांना रोज पाणी लागते. येथे पाऊस वर्षातून थोडेच दिवस पडतो. बारमाही वाहणारी नदी नाही. पिण्याचे बरेचसे पाणी समुद्राच्या पाण्यातील मीठ काढून तयार करतात. त्याला खूप खर्च येतो. मग बागांना पाणी कोठून आणणार? घराघरांतून वाहून गेलेले सांडपाणी एकत्र करतात, यंत्रांनी शुद्ध करतात आणि तेच पाणी झाडांना देतात. झाडांच्या बुंध्यांशी काळ्या नळ्या असतात. त्यांतून पाणी थेंब थेंब पडते. म्हणजे आजी, वाळवंटातले प्रत्येक हिरवे पान कुणीतरी जपून वाढवलेले आहे.

खाऊन झाल्यावर आम्ही पुन्हा काठावर गेलो. तेवढ्यात छोटू ओरडला, ‘‘ताई, ताई, पाण्यात बघ! जेलीफिश!’’

पाण्यात खरोखरच काहीतरी पांढरे, पातळ हलत होते. ते फुगत होते, आकसत होते. मीही टक लावून पाहिले. आई म्हणाली, ‘‘अरे, नीट बघा. ती प्लॅस्टिकची पिशवी आहे.’’

छोटू हिरमुसला. पण बाबा हसले नाहीत. ते म्हणाले, ‘‘छोटू, तू फसलास, यात नवल नाही. समुद्रातले कासवही असेच फसते. काही कासवे जेलीफिश खातात. पाण्यात तरंगणारी पिशवी त्यांना जेलीफिशसारखीच दिसते. तू पिशवी नुसती पाहिलीस. कासव मात्र ती गिळते.’’

‘‘पण बाबा, कासवे तर समुद्रात राहतात. ही पिशवी तलावात आहे,’’ छोटू म्हणाला.

‘‘ओहोटी लागली, की तलावातले पाणी कुठे जाते?’’ बाबांनी विचारले.

छोटू गप्प झाला. त्याला उत्तर कळले होते.

पिशवी काठापासून दूर होती. काठालगतच पाणी खोल आहे, म्हणून येथे कुणी पाण्यात उतरायचे नाही. आम्ही नुसते पाहत उभे राहिलो. थोड्या वेळाने एक सफाई कामगार काका आले. त्यांच्या हातात लांब दांडीची जाळी होती. बाबांनी त्यांना पिशवी दाखवली. त्यांनी दोन-तीन वेळा प्रयत्न करून ती ओढून घेतली. छोटूने जोरात टाळ्या वाजवल्या. काका हसून हिंदीत म्हणाले, ‘‘रोज ऐसी बहुत निकलती हैं, बेटा.’’

रात्री बाबांनी आम्हांला एक माहिती वाचून दाखवली. शारजा अमिरातीचा काही भाग पूर्वेला ओमानच्या आखातावर आहे. तेथे कलबा आणि खोर फक्कान ही गावे आहेत. त्या किनाऱ्यावर मेलेली कासवे सापडली. शास्त्रज्ञांनी त्यांची पोटे तपासली. तो अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी तपासलेल्या हिरव्या कासवांपैकी दर चारांतल्या तिघांच्या पोटात माणसांनी टाकलेला कचरा होता. पिशव्या, बाटल्यांची झाकणे, दोऱ्या आणि मासेमारीच्या जाळ्यांचे तुकडे! प्लॅस्टिकने पोट भरले, की कासवाला अन्न खाता येत नाही. आजी, हे ऐकून छोटू जेवताना एक शब्दही बोलला नाही.

आज सकाळी उठल्याबरोबर तो म्हणाला, ‘‘बाबा, मोठी पिशवी द्या. कापडी.’’ मग आम्ही अल खानच्या किनाऱ्यावर गेलो. पूर्वी या भागात मासे पकडणारे आणि समुद्रात बुड्या मारून मोती काढणारे लोक राहत. आखातातले मोती तेव्हा विक्रीसाठी थेट आपल्या मुंबईला जात.

किनाऱ्यावर गेल्यावर बाबांनी आम्हांला आधी नियम सांगितले. लाल बावटा लावलेला असेल, तर पाण्यात उतरायचे नाही. बावटा नसला, तरी मोठे माणूस बरोबर असल्याशिवाय उतरायचे नाही. काच, पत्रा, सुई अशा वस्तूंना हात लावायचा नाही. हातमोजे घालूनच कचरा उचलायचा.

आम्ही अर्धा तास कचरा उचलला. छोटूने एकोणीस झाकणे मोजली. मला एक तुटका पतंगाचा दोरा सापडला. तो पक्ष्यांच्या पायांत अडकतो, म्हणून मी तो गुंडाळून पिशवीत टाकला. एक अरब आजोबा नातवाबरोबर फिरायला आले होते. त्यांनी खाली वाकून एक बाटली उचलली आणि आमच्या पिशवीत टाकली. ते ‘शुक्रन’ म्हणाले. त्याचा अर्थ ‘आभारी आहे’. मग आम्ही वाळूचा किल्ला केला, शिंपले वेचले आणि भरपूर धावलो. आजचा किनारा मला कालच्यापेक्षा जास्त आपला वाटला.

आजी, तुझ्याकडे सध्या रोहित पक्षी आले असतील ना? येथेही येतात. दुबईची खाडी आत जाऊन जेथे संपते, तेथे रास अल खोर नावाचे पाणथळ अभयारण्य आहे. चारी बाजूंना मोठे शहर आणि मध्ये गुलाबी पक्ष्यांचे थवे! पक्ष्यांना त्रास होऊ नये, म्हणून ते दुरूनच पाहावे लागतात. लांब पाय आणि वाकडी चोच पाहून मला तर भिगवणला आल्यासारखेच वाटते.

आता माझे एक काम कर. उजनीच्या काठाने सकाळी फिरायला जातेस, तेव्हा पाण्यात किती पिशव्या दिसतात, ते मोजून मला कळव. आणि गावातल्या मुलांना हे पत्र वाचून दाखव. आमचा तलाव खारा, तुमचा गोडा. पण पिशवी दोन्हीकडे सारखीच वाईट.

तुझी तब्येत जप. घरातील सर्व वडीलधाऱ्यांना माझा नमस्कार सांग. उत्तर लवकर पाठव.

तुझी लाडकी नात,
छकुली

शब्दार्थ

पारा वर जाणे – उष्णता वाढणे
बारमाही – वर्षभर चालणारी
हिरमुसणे – मन खट्टू होणे
बावटा – निशाण
पाणथळ – जेथे पाणी साचून राहते अशी जागा
थवा – पक्ष्यांचा समूह

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) बुहैरा या अरबी शब्दाचा अर्थ काय?
(आ) संयुक्त अरब अमिरातीचे राष्ट्रीय झाड कोणते?
(इ) छोटूला पाण्यात काय दिसल्यासारखे वाटले?
(ई) मेलेल्या कासवांच्या पोटात काय काय सापडले?

प्र. २. कारणे सांगा.
(अ) खालिद तलावाचे पाणी खारट आहे.
(आ) शमीचे झाड वाळवंटातही हिरवे राहते.
(इ) तलावातील पिशवी समुद्रातील कासवाला घातक ठरते.

प्र. ३. चार-पाच ओळींत उत्तरे लिहा.
(अ) वाळवंटातील बागांना पाणी कसे पुरवतात?
(आ) ‘आजचा किनारा मला कालच्यापेक्षा जास्त आपला वाटला,’ असे छकुली का म्हणते?

प्र. ४. विरुद्धार्थी शब्द लिहा.
भरती, खारट, खोल, शुद्ध

उपक्रम
१. तुमच्या गावातील तलाव, नदी, समुद्रकिनारा किंवा बाग यांपैकी एका ठिकाणी मोठ्या माणसांबरोबर जा. तेथे कोणकोणता कचरा दिसतो, त्याची नोंद वहीत करा.
२. छकुलीच्या पत्राला आजीने काय उत्तर पाठवले असेल? ते पत्र तुम्ही लिहा.