चॉकलेटची जुनी कार्डे : असली-नकली कसे ओळखावे?

मनवेलपाड्यात कपड्याचा धंदा करणाऱ्याला चॉकलेटच्या कार्डांशी काय देणेघेणे, असे वाचक विचारतील. पण मालासोबत रंगीत चित्र देण्याची युक्ती आपल्या धंद्यानेही वापरली आहे. मँचेस्टरचा आणि मुंबईच्या गिरण्यांचा कपडा येई तेव्हा ताग्यावर सुंदर रंगीत तिकीट चिकटवलेले असे. अक्षरओळख नसलेले गिऱ्हाईक ते चित्र पाहून माल ओळखी. जर्मनीत कोलोन शहरातील स्टोलवेर्क कंपनी चॉकलेटसोबत चित्रांची कार्डे देई. १८९७ पासून ती चिकटवायला अल्बमही निघाले.

अशा कार्डांवर जहाजांची इशाऱ्याची निशाणेही असत. समुद्रावर भाषा वेगवेगळ्या, म्हणून १८५७ मध्ये इंग्रजांनी निशाणांची संहिता छापली. आजच्या नियमाप्रमाणे ‘क्यू’चे पिवळे निशाण म्हणजे ‘जहाजावर रोगराई नाही, बंदरात येण्याची परवानगी द्या’. ‘ओ’चे लाल-पिवळे निशाण म्हणजे ‘माणूस पाण्यात पडला’.

आता मुद्द्याची गोष्ट. मुंबईत एका जुन्या मालाच्या दुकानातून मी कपड्याची दहा जुनी तिकिटे घेतली. घरी आल्यावर तपासली, तर सात नकला निघाल्या. चूक माझीच. कपडा घेताना मी जी काच लावतो, ती त्या दिवशी खिशातच राहिली. कार्डे असोत की तिकिटे, परीक्षा एकच. व्यापारी बांधवांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. धागे मोजायची काच चित्रावर ठेवा. जुन्या शिळाछपाईत प्रत्येक रंगाचा दगड वेगळा, त्यामुळे ठिपके हाताने टाकल्यासारखे वेडेवाकडे दिसतात. आजच्या छपाईत चार रंगांचे ठिपके ओळीने, जाळीसारखे बसतात. मात्र विसाव्या शतकातील काही खरी कार्डेही जाळीने छापलेली आहेत. एवढ्यावरच निकाल देऊ नका.

२. नोटा तपासायचा निळा दिवा लावा. कपड्याला टिनोपालने चमक येते, तसली रसायने कागदात १९५० च्या सुमारास येऊ लागली. त्याआधीचे म्हणून विकले जाणारे कार्ड दिव्याखाली निळसर पांढरे चमकले, तर सौदा थांबवा.

३. निशाणे वाचा. १८५७ च्या संहितेत फक्त १८ अक्षरांची निशाणे होती, ए, ई, आय, ओ, यू हे स्वर नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या सुधारणेत सर्व २६ अक्षरे आली. ‘ओ’चे निशाण दाखवणारे कार्ड १८७० चे म्हणून कोणी विकत असेल, तर तो एकतर अजाण आहे किंवा लबाड.

४. मागची बाजू पाहा. तिथे बहुधा कंपनीची जाहिरात किंवा माहिती असते. कार्ड धुऊ नका, पुसू नका, प्लास्टिकमध्ये चिकटवू नका. डागासकट खरे कार्ड चकचकीत नकलेपेक्षा किमती.

कोकणातील कितीतरी घरांतले वडीलधारे जहाजावर नोकरीला होते. त्यांच्या ट्रंकेत असे काही सापडले तर रद्दीत घालण्यापूर्वी एकदा काचेखाली पाहा.

नक्कल विकण्यात गुन्हा नाही, नक्कल ‘असली’ म्हणून विकण्यात आहे. माझ्याकडील सात तिकिटांच्या पाठीवर मी पेन्सिलीने ‘नक्कल’ लिहून ठेवले आहे. माझ्यामागे ती कोणाच्या हाती पडली, तर त्याने तरी फसू नये.