लॅपटॉपचा कीबोर्ड बिघडला तर



आपल्यापैकी अनेकजण घरातला जुना लॅपटॉप वसतिगृहासाठी देऊ करतात आणि मग संकोचून म्हणतात, "एकदोन बटणं चालत नाहीत हो, घ्याल का?" घेऊ. पण एका बटणाने काय अडते ते आधी पाहू. मराठीच्या इन्स्क्रिप्ट कीबोर्डमध्ये इंग्रजी 'डी'च्या बटणावर अक्षराचा पाय मोडण्याचे चिन्ह असते. ते बटण गेले की जोडाक्षरे संपली. 'शिष्यवृत्ती'ची 'शिषयवृतती' होते आणि ज्योत्स्ना नावाची मुलगी 'जयोतसना' होते. अर्जातले नाव दाखल्यावरच्या नावाशी जुळले नाही की हेलपाटे पालकांच्या वाट्याला येतात. धडगावच्या डोंगरातून घाट उतरून शहाद्याला जायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडाली. म्हणून ही दुरुस्ती घरच्या घरी शिकण्यासारखी आहे.

आधी दोष नक्की कुठे आहे ते ठरवा. यूएसबीचा साधा कीबोर्ड जोडून तेच बटण दाबा. त्यावरही तीच अडचण आली तर लॅपटॉप उघडू नका. दोष बहुधा सेटिंगचा आहे. विंडोजमध्ये उजवे शिफ्ट आठ सेकंद दाबून राहिले तर 'फिल्टर कीज' सुरू करायची का, असा प्रश्न पडद्यावर येतो. मुले तो न वाचताच 'होय' म्हणतात आणि मग पटापट दाबलेली बटणे नोंदलीच जात नाहीत. काही लहान लॅपटॉपवर नम लॉक चालू राहिले की 'यू, आय, ओ' दाबल्यावर ४, ५, ६ उमटतात. असे 'बिघडलेले' लॅपटॉप एका मिनिटात बरे होतात.

दोष खरोखर कीबोर्डचा असेल तर आतली रचना लक्षात घ्यावी. बटणाखाली छोटी प्लास्टिकची कैची, तिच्या मधोमध रबराची टोपी आणि त्याखाली प्लास्टिकचे पातळ पदर असतात. त्यांवर वीज वाहणाऱ्या रेषा छापलेल्या असतात. टोपी दबली की वरखालचे पदर टेकतात आणि अक्षर उमटते. एकच बटण अडत असेल तर बहुधा घाण किंवा तुटलेली कैची. चारपाच बटणे एकदम गेली असतील तर एखादी रेषा तुटली आहे किंवा कीबोर्डची पट्टी जागेवरून सैल झाली आहे, कारण एकेक रेषा अनेक बटणांत वाटलेली असते.

घाणीवर उपाय सोपा आहे. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा. लॅपटॉप उलटा धरून रंगकामाच्या मऊ ब्रशने झटका. आमच्याकडे बिस्किटांचा चुरा आणि त्यामागून आलेल्या मुंग्या हेच नेहमीचे गुन्हेगार. तोंडाने फुंकू नये, थुंकीचा ओलावा आत जातो. चिकटपणा असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाची काडी किंचित बुडवून पुसावे. हाताचे सॅनिटायझर यासाठी नाही. स्पेस, एंटर, शिफ्ट या लांब बटणांखाली तारेचा आधार असतो; गरज नसता ती उचकटू नका.

चहा सांडला तर तत्क्षणी बंद करा, चार्जर ओढा आणि लॅपटॉप तंबूसारखा उलटा उभा करून दोन दिवस ठेवा. तांदळात पुरण्याने काही साधत नाही, पीठ मात्र आत जाते. दुधासाखरेचा चहा वाळून चिकट थर धरतो, आणि अशा वेळी बहुधा कीबोर्ड बदलावाच लागतो.

बदलताना मॉडेलच्या नावावर विसंबू नका. जुना कीबोर्ड काढून मागच्या चिकटपट्टीवरचा क्रमांक पाहा आणि तोच मागवा. एंटरचा आकार, बटणांखालचा दिवा आणि पट्टीची रुंदी जुळली पाहिजे. जुन्या थिंकपॅडसारख्या यंत्रांत खालचे मोजके स्क्रू काढले की कीबोर्ड सुटतो. आजच्या अनेक स्वस्त लॅपटॉपमध्ये तो वरच्या झाकणाला प्लास्टिकने वितळवून जोडलेला असतो. तिथे दुकानच बरे, असे माझे मत आहे.

स्क्रूंची लांबी वेगवेगळी असते. कागदावर लॅपटॉपचा आकार काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटवा. सर्वांत नाजूक जागा म्हणजे पट्टीचा जोड. त्याची कुलपासारखी छोटी कडी आधी नखाने उचला किंवा सरकवा, मग पट्टी काढा. ओढली की कडी तुटते आणि मग खर्च मदरबोर्डवर जातो. नवी पट्टी सरळ घालून कडी लावा आणि स्क्रू आवळण्याआधी लॅपटॉप सुरू करून प्रत्येक बटण तपासा.

नवा कीबोर्ड येईपर्यंत काम थांबवू नये. विंडोज १० व ११ साठी 'पॉवरटॉईज' हा मायक्रोसॉफ्टचा मोफत प्रोग्राम आहे; त्यातून मेलेल्या बटणाचे काम क्वचित वापरात येणाऱ्या बटणावर देता येते. लॉगिनच्या पडद्यावर मात्र ही सोय चालत नाही, तेव्हा पासवर्डात ते अक्षर नको.

लॅपटॉप देताना सोबत मूळ चार्जर द्या आणि कोणते बटण कधीपासून अडते ते चिठ्ठीवर लिहून झाकणाला चिकटवा.