पाठ वाचवा, प्रवाळही वाचवा

ऊन म्हणजे काय, हे नागपूरकरांना कोणी सांगायला नको. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे झुकला की डोक्याला दुपट्टा गुंडाळल्याशिवाय आपण घराबाहेर पडत नाही. परंतु हेच आपण दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुटीत मालवणला गेलो, की दुपट्टा खोलीवर राहतो आणि उघड्या पाठीने समुद्रात उतरतो.

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात डोळ्यांना काच व तोंडात नळी लावून पाण्याखालचे मासे आणि प्रवाळ पाहता येतात. यालाच स्नॉर्केलिंग म्हणतात. यात माणूस पाण्यावर पालथा तरंगतो. मान, पाठ, पोटऱ्या व गुडघ्यांमागचा भाग सतत उन्हात असतो. पाण्याने अंग गार राहते, म्हणून त्वचा भाजते आहे हे कळत नाही. अतिनील किरण तर पाण्यातूनही आत शिरतात. संध्याकाळी पाठीची आग होऊ लागते, तेव्हा उशीर झालेला असतो.

यावर उपाय म्हणून अनेक जण अंगभर सनस्क्रीन चोपडतात. त्यातले बरेचसे पाण्यात धुऊन जाते.

प्रवाळांना काय होते?

प्रवाळ हा दगड नव्हे. ती चुन्याची घरे बांधणाऱ्या इवल्या प्राण्यांची वसाहत असते. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शेवाळ राहते. ते सूर्यप्रकाशात अन्न तयार करून प्रवाळांना पोसते. पाणी फार तापले किंवा दूषित झाले की हे शेवाळ निघून जाते, प्रवाळ पांढरे पडतात आणि तशीच स्थिती राहिली तर उपासमारीने मरतात.

अनेक सनस्क्रीनमध्ये ऑक्सीबेन्झोन हे रसायन असते. प्रवाळांच्या पिल्लांना ते घातक ठरते, असे प्रयोगशाळेतील तपासण्यांत आढळले. अमेरिकेतील हवाई राज्याने २०१८ साली कायदा करून १ जानेवारी २०२१ पासून ऑक्सीबेन्झोन व ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर बंदी घातली. प्रवाळांचा सर्वांत मोठा शत्रू तापणारा समुद्र हाच आहे, आणि खुल्या समुद्रात सनस्क्रीनमुळे किती हानी होते यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. तरीही उथळ पाण्यात रोज शेकडो माणसे उतरतात, तेथे आधीच त्रासलेल्या जिवावर आणखी भार कशाला?

मालवणचा सागरी भाग १९८७ साली अभयारण्य म्हणून घोषित झाला आहे, हेही ध्यानात ठेवावे.

काय करावे?

१. लांब बाह्यांचा, अंगासरशी बसणारा सदरा व पायघोळ विजार घालून पाण्यात उतरावे. झाकलेल्या अंगाला सनस्क्रीन लागतच नाही.

२. शक्यतो सकाळी लवकर जावे. ११ ते ३ ही वेळ टाळावी.

३. चेहरा, मान, हातापायांचे पंजे एवढ्याच उघड्या भागाला झिंक ऑक्साइडचे, एसपीएफ ३० किंवा अधिक असलेले सनस्क्रीन १५-२० मिनिटे आधी लावावे.

४. खरेदी करताना वेष्टनावरील घटक वाचावेत. ऑक्सीबेन्झोनचेच दुसरे नाव बेन्झोफेनोन-३ असे आहे. 'समुद्रास सुरक्षित' एवढ्या छापील शब्दांवर विसंबू नये.

५. डॉक्सीसायक्लीनसारख्या काही औषधांनी त्वचा उन्हाला अधिक हळवी होते. औषधे चालू असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.

६. प्रवाळांवर उभे राहू नये, तुकडा तोडून आणू नये.

एवढे करूनही त्वचा भाजलीच, तर गार पाण्याच्या घड्या ठेवाव्यात व भरपूर पाणी प्यावे. बर्फ चोळू नये, टूथपेस्ट लावू नये, फोड फोडू नयेत. ताप, उलट्या किंवा अंगभर फोड आल्यास डॉक्टरांकडे जावे.

उन्हात अंग झाकावे, हे विदर्भाच्या माणसाला लहानपणापासून ठाऊक आहे. तीच सवय समुद्रावर नेली, तर आपली पाठही वाचेल आणि प्रवाळही.