काल रात्रीचं अंगण

चिपळूण, १४ मे

चि. प्रथमेश यास,
मामाचे अनेक आशीर्वाद.

ताईचा फोन आला होता. तू स्वतःची ड्रिल मशीन घेतलीस आणि गुहागरकडच्या एका बंद घराचं चार कॅमेऱ्यांचं काम एकट्याने पुरं केलंस, हे ऐकून बरं वाटलं. तुझा मेसेजही वाचला. गेटवरचा कॅमेरा दिवसा ठणठणीत असतो आणि दिवेलागण झाली की पडद्यावर ‘व्हिडिओ लॉस’ येतं. दुकानदार कॅमेरा बदलून द्यायला तयार आहे, बदलू का, असं तू विचारलं आहेस. बदलू नकोस. फोनवर हे दोन वाक्यांत सांगता आलं असतं, पण त्या निमित्ताने बरंच काही मनात आलं, म्हणून लिहायला बसलो.

आधी तुझं गेट. घरापासून तिथवर साठेक मीटर केबल गेली असेल. दिवसा कॅमेरा थोडाच करंट घेतो. अंधार पडला की त्याचे आयआर एलईडी पेटतात आणि करंट जवळजवळ दुप्पट होतो. बारीक तारेतून जास्त करंट जाऊ लागला की वाटेतच व्होल्टेज पडतं. वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसपाशी बारा व्होल्ट असतात, गेटपाशी दहासुद्धा पोचत नाहीत. मग कॅमेरा बंद पडतो. बंद पडला की लोड जातो, व्होल्टेज पुन्हा चढतं, कॅमेरा सुरू होतो, एलईडी पेटतात आणि तो परत बंद पडतो. रात्रभर हेच चालतं.

हे तपासायला रात्रीची वाट बघू नकोस. भर दुपारी शिडीवर चढ. डीसी पिन जोडलेली असू दे, तिच्या जोडावर मीटरची टोकं लाव आणि सोबतच्या मुलाला कॅमेऱ्याच्या तोंडावर काळं फडकं धरायला सांग. काचेमागे मंद लालसर ठिपके उजळतील. त्याच क्षणी मीटरकडे बघ. १०.९ वरचा आकडा ९.७ वर घसरला की तुझं उत्तर मिळालं. पिन काढून मोकळ्या तारेवर मोजशील तर मीटर पुरे बारा दाखवेल आणि तू विनाकारण कॅमेऱ्याला दोष देशील. व्होल्टेज नेहमी लोड असतानाच मोजायचं.

उपाय सोपा आहे. केबलमधली एक तार मोकळी राहिली असेल, ती दोन्ही टोकांना मायनसच्या तारेला जोडून घे. तेवढ्याने भागलं नाही तर गेटजवळच्या खांबावर स्वतंत्र अडॅप्टर बसव. एसएमपीएसचा स्क्रू फिरवून व्होल्टेज चढवू नकोस, कारण गेटला पुरेल इतकं चढवलंस तर पडवीतल्या कॅमेऱ्याला ते जास्त होईल. पुढच्या वेळी लांब पल्ल्याला तांब्याची केबल घे, अलॉयची नको.

दोष शोधताना एक शिस्त पाळ: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. चित्र आलं नाही तर आधी डीव्हीआरचा चॅनल बदलून बघ. मग कॅमेरा खाली उतरव आणि हातभर वायरीने थेट डीव्हीआरला जोड. तिथे चालला तर कॅमेरा निर्दोष, दोष केबलचा किंवा बीएनसीच्या जोडाचा. आयपी कॅमेरे लावशील तेव्हा नवे कॅमेरे एकाच पत्त्यावर जागे होऊन एकमेकांना अडवू शकतात. ते एकेक करून जोड आणि प्रत्येकाला वेगळा पत्ता दे. वायफायचा कॅमेरा जोडला जात नसेल तर मोबाइल राउटरच्या कुठल्या वायफायवर आहे ते बघ, कारण असे बरेच कॅमेरे फक्त २.४ गिगाहर्ट्झवरच बोलतात. चिऱ्याच्या जाड भिंतीपलीकडे वायफायचा भरवसा धरू नकोस, तिथे वायरच ओढ. रिसेटचं बटण सगळ्यात शेवटी. घाबरून रिसेट करणाऱ्याला मूळ दोष काय होता ते कधीच कळत नाही.

आता जागा निवडण्याचं. तू दिवसा जाऊन खुणा करतोस. एकदा मालकाबरोबर रात्रीही अंगणात उभा राहा. कॅमेरा आठ ते दहा फुटांवर ठेव. त्याहून उंच गेलास की चेहरा दिसत नाही, टोपी दिसते. पूर्व-पश्चिमेला थेट तोंड नको, सकाळ-संध्याकाळचा सूर्य चित्र धुऊन टाकतो. पागोळीच्या अगदी खाली बसवलास तर आयआरचा उजेड पन्हळीवर आपटून परत येतो आणि सगळं अंगण पांढरं धुकं होतं. कोळ्याच्या जाळ्याचंही तसंच. रात्री ‘कॅमेरा खराब झाला’ म्हणून आलेल्या निम्म्या तक्रारी माझ्या हातातल्या कुंच्याने मिटल्या आहेत.

आणि कॅमेऱ्याच्या चौकटीत काय येतं ते स्वतःच्या डोळ्याने बघ. आपल्याकडे मागील दारी न्हाणी असते, शेजाऱ्याची विहीर असते, बायाबापड्यांची जा-ये असते. बाईला खासगी क्षणी चोरून पाहणं किंवा तिचं चित्रण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी, आपण घराची राखण करायला जातो, दुसऱ्याच्या घरात डोकवायला नाही. कॅमेरा वळव. वळवता येत नसेल तर सेटिंगमधून तेवढा भाग झाकून टाक आणि शेजाऱ्याला बोलावून ते दाखव. वाडीत मन राखून राहायचं असतं.

मृग तोंडावर आला आहे, म्हणून पावसाचं सांगतो. बीएनसी आणि डीसीचे जोड उघड्यावर लोंबकळत ठेवू नकोस, प्रत्येक कॅमेऱ्यामागे पीव्हीसीचा डबा हवा. केबल डब्यात वरून कधीच आणायची नाही. आधी खाली झोळ द्यायचा आणि मग खालून आत न्यायची, म्हणजे पाणी झोळावरून टपकून जातं. चिऱ्याच्या भिंतीत छोटी गिट्टी धरत नाही. वादळी वाऱ्यात कॅमेरा मान टाकतो आणि मालकाला महिनाभर नुसती भिंत दिसते. लांब गिट्टी आणि लांब स्क्रू वापर. वळवाच्या विजा तर जवळपास पडल्या तरी तारेतून आत येतात, म्हणून अर्थिंग आहे असं कुणी सांगितलं तरी आपण मीटरने बघायचं. डीव्हीआर, एसएमपीएस आणि राउटर तिन्ही यूपीएसवर घे. नुसता डीव्हीआर घेतलास तर वीज गेल्यावर तो अंधारच रेकॉर्ड करत बसतो.

२२ जुलै २०२१ चा पूर तुला आठवत असेल, तू तेव्हा शाळेत होतास. वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं आणि तळमजल्यावर काउंटरखाली ठेवलेले डीव्हीआर चिखलात गेले. त्यातले कित्येक मीच बसवलेले होते. तेव्हापासून डीव्हीआर माळ्यावर, हवा खेळेल अशा कपाटात. चोरालाही तो चटकन सापडत नाही. कॅमेऱ्यासमोर येऊन गेलेला चोर जाताना डीव्हीआर उचलून नेतो, हे विसरू नकोस.

आता ज्यासाठी मुख्यतः हे पत्र लिहितो आहे ते. हे मी ताईलाही कधी सांगितलेलं नाही.

बारा वर्षांपूर्वी इथून जवळच्या एका गावात एका आजींच्या घरी मी चार कॅमेरे बसवले. मुलगा मुंबईला, आजी एकट्या. माजघरातल्या टीव्हीवर अंगण दिसायचं आणि त्या कौतुकाने बघत बसायच्या. दोनेक वर्षांनी त्यांचा फोन आला, “तुमचा डबा रात्री बीप बीप करतो, झोप लागत नाही.” मी कामात होतो. टीव्हीवर चित्र येतंय का विचारलं, त्या हो म्हणाल्या. शेजारच्या मुलाला फोन द्यायला सांगून मी त्याच्याकडून बझर बंद करवला. अडीच महिन्यांनी त्यांच्या घरातून तांब्याचे हंडे, घंगाळ, देवातली समई, सगळं गेलं. मी धावत गेलो, प्लेबॅक उघडला. रिकामा. हार्ड डिस्क मेली होती आणि डीव्हीआर तेच ओरडून सांगत होता. त्याचं तोंड मी बंद केलं होतं. आजी एवढंच म्हणाल्या, “अरे, आमचं अंगण तर टीव्हीत रोज दिसत होतं. मग चोर कसा नाही दिसला?” मला उत्तर देता आलं नाही. डिस्क मी नवी बसवली, पैसे घेतले नाहीत, पण ती समई त्यांच्या सासूबाईंची होती.

म्हणून सांगतो, लाइव्ह चित्र दिसतं म्हणजे रेकॉर्डिंगही चालू आहे असं समजू नकोस. लाइव्ह चित्र ही खिडकी आहे. लोकांनी आपल्याला पैसे दिलेत ते राखणदारासाठी, आणि मागचं काही आठवत नसेल तर तो राखणदार कसला? काम संपल्यावर, दुरुस्ती झाल्यावर, फोनवर तक्रार आल्यावर, दर वेळी मागे जाऊन बघ. काल रात्रीचं सापडतं का? आठवड्यापूर्वीचं? सगळ्यात जुनं किती दिवसांचं आहे?

याचा हिशोब मालकाला आधीच मांडून दाखव. दोन मेगापिक्सेलचा एक कॅमेरा २ एमबीपीएसने दिवसाला साधारण २१-२२ जीबी घेतो. चार कॅमेऱ्यांचे झाले ८६. एक टीबीची डिस्क दहा-अकरा दिवसांत भरते आणि जुनं पुसायला लागते. पुण्यातल्या फ्लॅटला तेवढं चालेल. आपला चाकरमानी शिमग्याला येतो तो थेट गणपतीला, तोवर सगळं पुसलेलं असतं. बंद घराला चार टीबी सुचव, तेही पाळतीच्या कॅमेऱ्यांसाठी बनवलेल्या डिस्कचे, कारण साधी डिस्क रात्रंदिवसाच्या लिहिण्याला टिकत नाही. हालचालीवर रेकॉर्डिंग ठेवायचं तर चौकटीतून माडाच्या झावळ्या वगळ, नाहीतर वारा सुटला की तेच रेकॉर्ड होत राहील. सिमच्या राउटरवर मोबाइलमध्ये बघायला सबस्ट्रीम ठेव, म्हणजे डेटा पुरेल.

तारीख-वेळेचंही तेवढंच महत्त्व. डीव्हीआरमधला छोटा सेल संपला की वीज गेल्यावर घड्याळ कुठल्या कुठे जातं. इंटरनेटवरून वेळ जुळवणं चालू ठेव आणि प्रत्येक फेरीत आपल्या मोबाइलशी ताडून बघ. वेळेच्याच मुद्द्यावरून जालना विधानसभेच्या २०१४ च्या निवडणुकीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यातला. उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत आला की नंतर, हा प्रश्न होता आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं चित्रीकरण. जुलै २०२० मध्ये न्यायालयाने सांगितलं की मूळ यंत्र हजर केलं नाही तर नकलेबरोबर प्रमाणपत्र हवंच. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे आणि त्या प्रमाणपत्रात फाइलचं हॅश मूल्यही द्यावं लागतं. तेव्हा चोरी झालेल्या घरी गेलास तर मोबाइलने पडद्याचं शूटिंग करून देऊ नकोस. डीव्हीआरमधूनच मूळ फाइल काढ, आधी रेकॉर्डिंग पुसलं जाणार नाही याची काळजी घे आणि पोलीस येईपर्यंत दुसऱ्या कुणाला यंत्राला हात लावू देऊ नकोस.

शेवटचं, पासवर्ड. आपल्या धंद्यात सगळीकडे एकच पासवर्ड ठेवायची वाईट खोड आहे. २१ ऑक्टोबर २०१६ ला अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या मोठमोठ्या सेवा सायबर हल्ल्यामुळे अडल्या. त्या हल्ल्यात राबवली गेली होती ती लोकांच्या घरांतली डीव्हीआर, कॅमेरे आणि राउटर यांच्यासारखी साधी यंत्रं. कंपनीने दिलेले साठेक ठरावीक पासवर्ड आलटूनपालटून लावत ‘मिराय’ नावाचा घातक प्रोग्राम त्यांत शिरला होता. घरोघर वेगळा पासवर्ड कर, मालकाच्या हाताने टाकून घे, त्यांच्याच वहीत लिहू दे. आणि काम झालं की त्यांचं घर तुझ्या मोबाइलमधून काढून टाक, त्यांच्या समोर. लोक आपल्याला माजघरापर्यंत येऊ देतात. तो विश्वास मोबाइलमध्ये घेऊन बाहेर पडायचं नसतं.

गेटची तार जोडायला जाशील तेव्हा एवढं कर. त्या बंद घराची मालकीण मुंबईहून आली असेल तर तिला खुर्चीवर बसव, माउस तिच्या हातात दे आणि काल रात्री नऊ वाजताचं अंगण तिलाच शोधायला सांग. तू मध्ये बोलू नकोस, वेळ लागू दे. तिला सापडलं की मग बिल कर.

पावसाआधी एकदा येऊन जा. तुझ्यासाठी जुना चांगला मीटर काढून ठेवला आहे.

तुझा,
मामा