आपला प्रश्न दिल्लीत कोण विचारणार?



दादरा नगर हवेलीला विधानसभा नाही. १९६७ पासून लोकसभेतला एक खासदार हाच आपला आवाज. प्रश्नोत्तराच्या तासात तारांकित प्रश्नाला मंत्री तोंडी उत्तर देतात, त्यावर पूरक प्रश्न विचारता येतो. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळते.

२०१७ च्या कायदेदुरुस्तीने ५० किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघर बंधनकारक झाले. तरीही आई कंपनीत गेली की धाकट्याला सांभाळायला मुलगी घरी राहते. हजेरीपटावर आम्हांला ते दिसते. अशाने मुलीचे कॉलेज हुकते.

स्वाध्याय : पाळणाघर, स्त्रियांचा रोजगार, कॉलेजचे अनुदान यांपैकी एका विषयावर खासदारांसाठी प्रश्न लिहा. ‘किती’, ‘कुठे’, ‘कधीपर्यंत’ हे शब्द वापरा. पालकांनी मदत करावी.